कुमारी सिबिल बाऊर : पाण्यावरचें अल्प आयुष्य

धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त निघणाऱ्या स्मरणग्रंथांत देवळाचा इतिहास यावा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं चरित्रें यावींत, देवाघरीं गेलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या आठवणी याव्यात, हें सर्वांस साहजिक वाटतें. त्याच पानांत सातासमुद्रांपलीकडील एका पोहणाऱ्या मुलीचें चरित्र पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु प्रेषित संत पौल ह्यांनीं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीस लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्या गड्यांचा दृष्टान्त घेतला, तो कांहीं उगाच नव्हे. करिंथ शहराजवळच ग्रीक लोकांचे इस्थमियन खेळ भरत असत. आणि देहाला लावलेलें वळण म्हणजे काय, हें त्या पत्राच्या श्रोत्यांस निराळें समजावून सांगावें लागत नसे. शिवाय आपलें पाण्याशीं नातें जुनें आहे. ज्यांचें बालपण वसईकडे गेलें त्यांस बावखल काय तें सांगावयास नकोच. कमरेला सुका भोपळा बांधून आपले बापजादे त्यांत पोहावयास शिकले. मुलींनीं मात्र त्याच बावखलाच्या कांठीं धुणें धुवावें, घागरी भराव्या, आणि पाण्यांत उतरूं नये, अशी रीत पुष्कळ घरीं होती. ह्या रीतीचा विचार मनांत असल्यामुळेंच प्रस्तुत लेखकानें हें चरित्र निवडलें.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केलेली बरी. हें संतचरित्र नव्हे. सिबिल बाऊर हिची कीर्ति पाण्यांतली, व तीहि अवघ्या सहा वर्षांची.

सिबिलचा जन्म अमेरिकेंतील शिकागो शहरीं ता. १८ सप्टेंबर १९०३ रोजीं झाला. हें शहर मिशिगन नांवाच्या विस्तीर्ण सरोवराच्या कांठीं वसलेलें आहे. सरोवर म्हणावयाचें, पण पलीकडला किनारा दिसत नाहीं. तिचें शिक्षण तेथील शुर्ट्‌झ हायस्कुलांत झालें. बालपणाच्या हकीकती येथें लांबवीत नाहीं, कारण तिचें खरें शिक्षण निराळ्याच शाळेंत झालें. ती शाळा म्हणजे इलिनॉय ॲथलेटिक क्लबाचा पोहण्याचा हौद, आणि तेथील गुरु म्हणजे विल्यम बॅकरॅक.

बॅकरॅक हे देहानें अवाढव्य व शिस्तीस कडक असे गृहस्थ होते. त्यांच्याच हाताखालीं जॉनी वाइझमुलर तयार झाला. टारझनचा वेष घेऊन रुपेरी पडद्यावर झळकलेला हा गडी मुंबईच्या चित्रपटगृहांतूनहि आबालवृद्धांस ठाऊक झाला होता. तो कॅथलिक घरांतला. शिकागोच्या संत मिखाएलाच्या देवळाशीं त्याचें बालपण जोडलेलें होतें. सिबिल व जॉनी हीं दोघें एकाच गुरूचीं शिष्यें, एकाच हौदांतलीं. जॉनीचें नांव जगानें लक्षांत ठेविलें, सिबिलचें विसरलें. ह्याचें कारण पाण्यांत सांपडत नाहीं. तें चित्रपटांत व आयुष्याच्या लांबींत शोधावें लागतें.

पाठीवर पोहण्याची कला ही आपणांस वाटते तितकी सोपी नाहीं. आपल्याकडे पोहून थकलेला माणूस विसाव्यासाठीं उताणा होऊन पाण्यावर पडतो. म्हणून तें आळशाचें पोहणें, असा समज आहे. युरोपांतहि प्रथम तसाच समज असावा. कारण पूर्वीं पाठीवर पोहणारे दोन्ही हात एकदमच मागें टाकीत व पाय बेडकासारखे झाडीत. १९१२ सालीं स्वीडन देशांत स्टॉकहोम येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां बॅकरॅक ह्यांचाच एक शिष्य हॅरी हेब्नर ह्यानें एकदां उजवा व एकदां डावा असे आळीपाळीनें हात फिरवून आणि पाय वरखालीं हलवून शर्यत जिंकली. ह्या रीतीविषयीं तक्रार झाली. परंतु नियमांत एवढेंच होतें कीं, गड्यानें पाठीवर असावें, आणि हेब्नर पाठीवरच होता. तक्रार टिकली नाहीं. त्या दिवसापासून जुनी रीत मागें पडली. ह्या नव्या रीतींत तोंड आकाशाकडे असल्यामुळें श्वास मोकळा राहतो, हा लाभ. परंतु आपण कोठें चाललों हें दिसत नाहीं, ही मोठी अडचण. पुढची भिंत डोक्यामागें असते. हात किती वेळां फिरले ह्या मोजणीवर व छताच्या खुणांवर भरंवसा ठेवून जावें लागतें. शिवाय कंबर थोडी खचली कीं पाय खोल जातात, आणि पाय खोल गेले कीं वेग संपला. शरीर फळीसारखें सरळ, पण ताठ नव्हे, असें ठेवणें ही त्या कलेची किल्ली होय. सिबिलच्या अंगीं ती पूर्णपणें होती.

१९२१ पासून १९२६ पर्यंत सलग सहा वर्षें पाठीवर पोहण्याचें अमेरिकेंतील स्त्रियांचें राष्ट्रीय अजिंक्यपद तिच्याकडे राहिलें. एकंदर २३ जागतिक उच्चांक तिच्या नांवावर सांगतात. त्या काळीं यार्डांचीं व मीटरांचीं, लहान हौदांचीं व मोठ्या हौदांचीं अशीं अंतरें निरनिराळीं मोजलीं जात, म्हणून हा आंकडा आजच्या वाचकास फुगलेला वाटण्याचा संभव आहे. तें अंशतः खरेंहि आहे. परंतु त्या सगळ्या अंतरांत तिच्या तोडीची दुसरी स्त्री नव्हती, हें मात्र निर्विवाद.

ज्या काळांत हें घडलें तो काळहि ध्यानांत घेतला पाहिजे. अमेरिका म्हणजे मोकळ्या चालीरीतींचा देश, असें आपण समजतों; पण १९२२ सालीं शिकागोच्याच सरोवराकांठीं आंखूड पोहण्याचे कपडे घातल्याबद्दल स्त्रियांस पोलिसांनीं धरून नेलें होतें. ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांच्या पोहण्याच्या शर्यती प्रथम १९१२ सालीं आल्या, व अमेरिकेनें आपल्या मुली तेथें पाठविल्या त्या १९२० सालीं. स्त्रियांसाठीं पाठीवर पोहण्याची शर्यत तर तेव्हांहि नव्हती. स्त्रीचें अंग असल्या श्रमास सोसणार नाहीं, असें म्हणणारे डॉक्टरसुद्धां होते.

अशा वेळीं १९२२ च्या ऑक्टोबर महिन्यांत बर्म्यूडा बेटावर ती गोष्ट घडली, जिच्यामुळें सिबिल बाऊर हिचें नांव आजहि घ्यावें लागतें. हें बेट अटलांटिक महासागरांत, इंग्रजांच्या अमलाखालचें. तेथील हॅमिल्टन गांवीं पोहण्याच्या शर्यती भरल्या होत्या, व एक शर्यत पाठीवर ४४० यार्ड, म्हणजे पुरा पाव मैल, पोहण्याची होती. ह्या अंतराचा पुरुषांचा जागतिक उच्चांक हवाई बेटांतील हॅरल्ड क्रूगर ह्याच्या नांवावर होता. सारे त्याला ‘स्टबी’ म्हणत. त्याला ६ मिनिटें २८ सेकंद लागले होते. सिबिलनें तें अंतर ६ मिनिटें २४.८ सेकंदांत संपविलें. म्हणजे दर शंभर यार्डांस सुमारें साडेसत्त्याऐंशी सेकंद, आणि हा वेग पाव मैलभर ढळला नाहीं. पुरुषाच्या उच्चांकापेक्षां ३.२ सेकंद कमी. पोहण्याच्या इतिहासांत पुरुषाचा जागतिक उच्चांक मोडणारी पहिली स्त्री ती हीच. त्या वेळीं तिचें वय एकोणीस वर्षें.

पण पुढें काय झालें? त्या सभेस अधिकृत मान्यता नव्हती, म्हणून हा उच्चांक अधिकृत नोंदवहींत चढला नाहीं. अंतर तेंच, पाणी तेंच, घड्याळहि खोटें नव्हतें. उणीव राहिली ती कागदाची. वर्तमानपत्रांनीं मात्र ती वार्ता दूरवर नेली, आणि आज क्रूगरच्या त्या अधिकृत आंकड्याची आठवण होते तीहि सिबिलनें तो ओलांडला म्हणूनच.

येथें न्यायबुद्धीनें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर हें चरित्र निव्वळ स्तुतिपाठ होईल. पाव मैल पाठीवर पोहणें हें ऑलिंपिक सामन्यांतलें अंतर नव्हे. पुरुषांतले नामांकित गडी त्या अंतराच्या वाटेस फारसे जात नसत. शंभर मीटरांच्या अंतरांत पुरुषांचा वेग तिच्याहून स्पष्ट अधिक होता. १९२४ च्या ऑलिंपिकांत सिबिलला पुरुषांच्या शर्यतींत उतरूं द्यावें, अशी चर्चा अमेरिकेंत निघाली होती. ती फळास आली नाहीं. फळास आली असती तर शंभर मीटरांत ती हरली असती, असें आंकडेच सांगतात. कारण त्या वर्षीं पुरुषांत पहिला आलेला हवाईचा वॉरेन कियालोहा ह्यास १ मिनिट १३.२ सेकंद लागले. तेव्हां स्त्री पुरुषापेक्षां वेगवान आहे, हें सिबिलनें सिद्ध केलें असें म्हणणें बरोबर नाहीं. तिनें सिद्ध केलें तें निराळें, आणि प्रस्तुत लेखकाच्या मतें अधिक मोलाचें : स्त्रीची मर्यादा कोठें आहे हें कोणी आधीं ठरवून ठेवूं नये, पाण्यांत उतरवून पाहावें.

१९२४ च्या जुलै महिन्यांत पॅरिस येथें ऑलिंपिक सामने झाले. अमेरिकेची तुकडी ‘अमेरिका’ ह्याच नांवाच्या आगबोटीनें फ्रान्सला गेली. त्यांचीं बिऱ्हाडें पॅरिसबाहेर दूर होतीं, व मुलींस हौदापर्यंत जाण्यायेण्यांतच बराच वेळ घालवावा लागे. तूरेलचा तो हौद पन्नास मीटर लांबीचा होता. स्त्रियांची शंभर मीटर पाठीवर पोहण्याची शर्यत ऑलिंपिकांत ह्या वर्षीं प्रथमच ठेवण्यांत आली. सिबिलनें ती १ मिनिट २३.२ सेकंदांत जिंकून सुवर्णपदक मिळविलें. दुसरी आलेली इंग्लंडची फिलिस हार्डिंग तिच्या मागें ४.२ सेकंद होती. इतक्या लहान शर्यतींत हें अंतर फार मोठें. तिसरी आयलीन रिगिन. हिनें त्याच सामन्यांत उंचावरून सूर मारण्यांतहि पदक मिळविलें. शिकागोच्या त्याच क्लबाची सतरा वर्षांची एथेल लॅकी हिनेंहि शंभर मीटरांची दुसरी शर्यत जिंकली, आणि वाइझमुलरनें तर तीन सुवर्णपदकें नेलीं. एका हौदांतून एवढें पीक निघाल्याचें दुसरें उदाहरण त्या काळांत सहसा आढळत नाहीं.

सिबिलच्या त्या वेळेची एक तुलना मुद्दाम देतों. १९०८ सालीं लंडन येथें पुरुषांची हीच शर्यत जर्मनीच्या आर्नो बीबरस्टाइन ह्यानें १ मिनिट २४.६ सेकंदांत जिंकली होती. म्हणजे सोळा वर्षांपूर्वींच्या पुरुषांच्या विजेत्यापेक्षां ही मुलगी पुढें होती. आणि ज्या हेब्नरनें ही रीत प्रथम रूढ केली, त्याच्या १९१२ च्या विजयाच्या वेळेशीं तिचा फरक अवघ्या दोन सेकंदांचा.

पॅरिसहून परत आल्यावर ती घरीं पदकें पुशीत बसली नाहीं. शिकागोच्या उत्तरेस त्याच सरोवराकांठीं एव्हन्स्टन गांवीं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आहे. तेथें तिचें शिक्षण चालू होतें. तेथें ती हॉकी व बास्केटबॉलहि खेळे, आणि विद्यार्थिनींच्या क्रीडामंडळाचें अध्यक्षपद तिच्याकडे होतें.

आतां वाचकांतील कांहीं वृद्ध मंडळी विचारतील कीं, मुलींच्या असल्या शर्यतींविषयीं पवित्र सभेचें मत काय होतें? प्रश्न योग्य आहे, व तो टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९२८ सालीं रोम शहरांत मुलींच्या जाहीर व्यायामस्पर्धा भरल्या, तेव्हां परमपूज्य पोप अकरावे पायस ह्यांनीं आपल्या कार्डिनल व्हिकारांस पत्र लिहून नापसंती कळविली, व पुढील वर्षीं शिक्षणविषयक विश्वपत्रांत मुलींच्या मर्यादशीलतेस जपण्याविषयीं पुन्हां बजावलें. परंतु त्या वेळीं इटलींत मुसोलिनीचें राज्य होतें, व लहानमोठ्या मुलींस कवायतीच्या रांगांत उभें करून राज्यसत्तेचा देखावा मांडला जात होता. पोपमहाशयांच्या चिंतेचा रोख त्या प्रदर्शनाकडे होता, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. मुलीनें निरोगी असावें, पोहावें, बळकट व्हावें, ह्यास त्यांचा विरोध नव्हता. स्वतः ते आल्प्स पर्वतांत चढलेले गिर्यारोहक होते. पुढें १९४५ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं खेळाडूंपुढें भाषण करून देह हा देवाची देणगी म्हणून घडविण्याचा गौरव केला. पोप दुसरे जॉन पॉल तर स्वतः पोहत असत, व २००० सालच्या महाजुबिलींत खेळाडूंची स्वतंत्र जुबिली त्यांनीं रोमच्या ऑलिंपिक मैदानांत साजरी केली. तीत स्त्रिया व पुरुष दोघेंहि होतीं. सत्तर वर्षांत एवढा मार्ग चालून झाला. आपल्या कांहीं घरांतून मात्र तो अद्याप चालावयाचा आहे.

सिबिलचा वाङ्‌निश्चय एड सलिव्हन ह्या तरुणाशीं झाला होता. तो न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून खेळांच्या हकीकती लिहीत असे, आणि आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबांतला होता. पुढें हाच सलिव्हन १९४८ पासून १९७१ पर्यंत अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर दर रविवारीं रात्रीं गायक, नट, कसरतपटू ह्यांस लोकांपुढें आणून घरोघरीं ओळखीचा झाला. पण ती पुढची गोष्ट. तेव्हां तो पंचविशीच्या आंतबाहेरचा एक होतकरू लेखक होता, आणि सिबिल त्याच्यापेक्षां कितीतरी अधिक प्रसिद्ध होती.

१९२६ साल उजाडलें. ह्या वर्षाच्या जून महिन्यांत शिकागो शहरीं अठ्ठाविसावी आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. आपल्या मुंबईंत १९६४ सालीं भरली ती अडतिसावी. ती ज्यांनीं पाहिली, ओव्हलवरची ती गर्दी ज्यांच्या घरांत अजून सांगितली जाते, त्यांस शिकागोचा तो सोहळा कसा असेल ह्याची कल्पना करतां येईल. सरोवराकांठच्या भव्य क्रीडांगणांत लक्षावधि भाविक पवित्र साक्रामेंतास वंदन करण्यास जमले. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत सिबिलची पॅरिसमधली सोबतीण गर्ट्रूड एडर्ली हिनें इंग्लिश खाडी पोहून पार केली, आणि तोंवरच्या सगळ्या पुरुषांच्या वेळेपेक्षां सुमारें दोन तास कमी घेतले. स्त्रियांच्या पोहण्याची जी वाट सिबिलनें बर्म्यूडांत दाखविली ती आतां हमरस्ता होऊं लागली होती. सिबिलनेंहि त्या वर्षीं राष्ट्रीय अजिंक्यपद राखलें. तें शेवटचें ठरलें.

तिच्या आंतड्यांत कर्करोग निघाला. ज्या देहानें पाव मैल वेग न ढळूं देतां कापला होता, जो शर्यतीच्या पाण्यांत कधीं खचला नाहीं, त्यालाच हा रोग जडावा! त्या काळीं ह्या व्याधीवर उपाय जवळजवळ नव्हताच. विद्यापीठाचें शेवटचें वर्ष चालू होतें. पदवी व विवाह दोन्ही दृष्टिपथांत होतीं. ता. ३१ जानेवारी १९२७ रोजीं शिकागो येथें तिनें देह ठेविला. वय तेवीस वर्षें व साडेचार महिने. अंत्ययात्रेंत तिची शवपेटी वाहणाऱ्यांत तिच्या मैत्रिणी होत्या. हें काम पुरुषांचें, असा तेथेंहि प्रघात होता. पण हौदांत जिच्या मागून पोहल्या तिला शेवटचें खांद्यावर घेण्याचा मान त्यांनीं दुसऱ्यांस दिला नाहीं. आपल्या धर्मग्रामांत ज्यांनीं तरण्या लेकीस माती दिली आहे, त्यांस ह्या प्रसंगाचें अधिक वर्णन नको.

पुढल्या वर्षीं, १९२८ सालीं, ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकांत तिची शर्यत हॉलंडच्या मारी ब्राऊन हिनें १ मिनिट २२ सेकंदांत जिंकली. उच्चांकांचें असेंच असतें. ते मोडण्यासाठींच असतात. सिबिलच्या काळीं वळतांना भिंतीला हातानें स्पर्श करावा लागे. १९९१ पासून तो नियम गेला, व आतां पोहणारे भिंतीजवळ उलटून पायानें रेटा देतात. २०२४ सालीं अमेरिकेच्याच रीगन स्मिथ हिनें हें अंतर ५७.१३ सेकंदांत कापलें. सिबिल त्या शर्यतींत असती तर स्मिथ पोहून संपली तेव्हां तिचें तीस मीटरांहून अधिक अंतर बाकी राहिलें असतें. आपल्या देशाच्या मुली ऑलिंपिकच्या हौदांत उतरल्या त्या १९५२ सालीं हेलसिंकी येथें. त्यांत मुंबईची डॉली नाझीर ही एक होती, व दुसरी बंगालची आरती साहा, जिनें १९५९ सालीं इंग्लिश खाडीहि पार केली.

अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत फोर्ट लॉडरडेल येथें पोहणाऱ्यांचें एक आंतरराष्ट्रीय कीर्तिमंदिर आहे. तेथें १९६५ सालीं जॉनी वाइझमुलरचें नांव दाखल झालें, १९६६ सालीं गुरु बॅकरॅक ह्यांचें, आणि १९६७ सालीं, मरणानंतर चाळीस वर्षांनीं, कुमारी सिबिल बाऊर हिचें. तेथें तिच्या नांवापुढें पॅरिसच्या सुवर्णपदकाबरोबर बर्म्यूडाच्या त्या पाव मैलाचीहि नोंद आहे.